गुपिताची वाटणी: तुकडे आणि हिस्से यांतला फरक

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात १३ मे रोजी मतदान झाले आणि ४ जूनला मतमोजणी. मधल्या काळात मतदानयंत्रे ज्या स्ट्राँगरूममध्ये राहतात, तिला दुहेरी कुलूप असते आणि चाव्या वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. कूटशास्त्रातील सीक्रेट शेअरिंग, म्हणजेच गुपित-वाटणी, ती हीच, असे मानले जाते. पण दुहेरी कुलपाची एक चावी हरवली की दार अडते, तर आदी शमीर आणि जॉर्ज ब्लेकली यांनी १९७९ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या पद्धतींत पाच हिस्सेदारांपैकी कोणतेही तीन पुरेत, अशी किमान संख्या आधीच ठरवता येते.

त्याहून घातक गैरसमज असा की, पासवर्डचे तुकडे करून वाटले की काम झाले. बारा अक्षरांचा पासवर्ड तिघांत चार-चार अक्षरे असा वाटला, तर दोघांनी संगनमत केल्यावर केवळ चारच अक्षरे ओळखायची उरतात. शमीर यांच्या पद्धतीत गुपिताचा तुकडा कोणाकडेच नसतो. समजा, गुपित १७ आहे आणि कोणत्याही दोघांना ते उलगडता यावे. मग ० ते ३० मधून यदृच्छेने एक संख्या, समजा ५, निवडून ती पहिल्यासाठी एकदा, दुसऱ्यासाठी दोनदा, तिसऱ्यासाठी तीनदा १७ मध्ये मिळवायची आणि ३१ ने भागून उरलेली बाकी हिस्सा म्हणून द्यायची: २२, २७ आणि १. पहिले दोघे एकत्र आले की २७ वजा २२ म्हणजे ५, आणि २२ वजा ५ म्हणजे १७. एकट्या २२ वाल्याच्या दृष्टीने मात्र ० ते ३० पैकी प्रत्येक संख्या सारखीच संभवते. म्हणूनच क्वांटम संगणक आला की हीही पद्धत कोसळेल, ही भीती निराधार आहे. जी माहिती हिश्शात मुळातच नाही, ती कितीही वेगवान यंत्र काढू शकत नाही.

याचा अर्थ हिस्सेदार प्रामाणिकच राहतील असा नव्हे. एकाने खोटा हिस्सा दिला तर उत्तर चुकते आणि दोषी कोण हे मूळ पद्धतीत कळत नाही. हिस्सा पडताळण्याची सोय पॉल फेल्डमन यांनी १९८७ मध्ये सुचवली, मात्र तिची सुरक्षितता गणिती कोड्याच्या अवघडपणावर टेकलेली असल्याने क्वांटम संगणकाची धास्ती तिला लागू पडते. शिवाय हिस्से जुळवले की संपूर्ण गुपित त्या एका संगणकावर उघडे पडते, म्हणून जिथे वाटलेली किल्ली वारंवार वापरायची असते, तिथे ती न जुळवताच सर्वांनी मिळून डिजिटल सही करण्याच्या पद्धती वापरतात.