शिवालिकचा रॅकून, जो रॅकून नव्हताच

भिलाई पोलाद कारखान्याच्या भोवतालच्या दगडांची वयं एकदा मांडून बघा. दल्ली-राजहराचं लोहखनिज २०० कोटी वर्षांहून जुनं. नंदिनीच्या खाणीतला चुनखडक १०० कोटींच्या घरातला. कोरब्याहून निघून भिलाईजवळच्या चरोद्याच्या मार्शलिंग यार्डावरून पुढे जाणारा दगडी कोळसा त्या मानाने तरुण, २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांचा. आता यात अमेरिकेतल्या रॅकून या प्राण्याच्या एखाद्या पूर्वजाचं हाडूक शोधायला निघालात, तर जन्मभर खणूनही हाती काही लागायचं नाही. कारण रॅकूनचं घराणं उगवलं तेच मुळी अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी. चरोदा-रायपूर पट्ट्यातला चुनखडक समुद्रात साचत होता तेव्हा रॅकून तर सोडाच, हाडं असलेला एकही प्राणी पृथ्वीवर नव्हता. त्या उथळ पाण्यात सूक्ष्मजीवांचे थरावर थर चढत होते. त्यांचे दगड झालेले पापुद्रे, म्हणजे स्ट्रोमॅटोलाइट, छत्तीसगडच्या चुनखडकात आजही दिसतात.

महाराष्ट्रातही तेच. आपला काळा कातळ ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तोही या घराण्याच्या आधी थंड होऊन बसलेला.

मग भारतात शोधायचं कुठे? हिमालयाच्या पायथ्याशी, शिवालिकच्या टेकड्यांत. हिमालय वर येत होता आणि नद्या त्याचा गाळ खाली आणून टाकत होत्या. त्या गाळात हत्ती, जिराफांचे भाऊबंद, वानर, तरस, पाणमांजरं गाडली गेली. आणि एकेकाळी असं वाटलं होतं, की रॅकूनचा एक नातलगही तिथे आहे.

शंकराच्या नावाचा कोआटी

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले गाय पिलग्रिम हे शिवालिकच्या जीवाश्मांचे मोठे जाणकार. भारतातल्या जीवाश्म मांसाहारी प्राण्यांवरचा त्यांचा ग्रंथ १९३२चा. त्यांना देवांची नावं द्यायची हौस होती. १९१०मध्ये त्यांनीच एका वानराला ‘शिवापिथेकस’ म्हटलं, आणि ते नाव पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एका छोट्या मांसाहारी प्राण्याला ‘शिवानासुआ’ नाव दिलं. नासुआ म्हणजे दक्षिण अमेरिकेतला लांब नाकाचा कोआटी, रॅकूनचा सख्खा नातलग. दाढा बुटक्या, त्यांवर कंगोरे, मांस फाडण्यापेक्षा फळं चिरडायला सोयीच्या. अगदी रॅकून-घराण्याला शोभाव्यात अशा.

पण पुढे युरोपातल्या तशाच दाढांशी ताडून पाहिलं, तेव्हा शिवानासुआची रवानगी लोफोसायॉनिडी नावाच्या एका नामशेष कुळात झाली. हे कुळ मांजर-मुंगूस-उदमांजर यांच्या बाजूचं. मांसाहारी सस्तन प्राण्यांच्या दोन मोठ्या शाखा आहेत. एकीकडे कुत्रा, अस्वल, सील, मुंगसासारखा दिसणारा पण मुंगूस नसलेला वीझल, आणि रॅकून. दुसरीकडे मांजरं आणि त्यांचा गोतावळा. या दोन शाखा फुटून चार कोटींहून अधिक वर्षं लोटली आहेत. तेवढ्या अंतरावरच्या दोन प्राण्यांनी सारखंच खाणं पत्करलं, म्हणून दाढाही सारख्याच घडल्या. मला ही गोष्ट विलक्षण वाटते: आहार इतका जबरदस्त शिल्पकार असतो, की तो भल्याभल्या तज्ज्ञांना नातं चुकवायला लावतो.

शिवालिकमध्ये रॅकूनचं चुलत घराणं मात्र पक्कं होतं. रॅकून, वीझल आणि पाणमांजर, स्कंक, लाल पांडा ही सगळी एकाच मोठ्या गोतातली. पिलग्रिमनी १९३२मध्ये शिवालिकच्या एका पाणमांजराला ‘विष्णुओनिक्स’ नाव दिलं. २०२१मध्ये याच प्रजातीचा भाऊ जर्मनीत, बव्हेरियातल्या हामरश्मीड इथल्या १ कोटी १४ लाख वर्षं जुन्या थरांत सापडला. त्याला दिलेलं पूर्ण नाव विष्णुओनिक्स नेपच्युनी: आपला विष्णू आणि रोमनांचा समुद्रदेव एकाच पाणमांजरात! शिवालिकमधूनच पहिल्यांदा ओळखलेल्या एनहायड्रिओडॉन या दुसऱ्या पाणमांजराचा इथिओपियातला भाऊ तर सिंहाएवढा होता. तो २०२२मध्ये जगापुढे आला.

पिलग्रिमच्या जन्मबेटावर

गाय पिलग्रिम यांचा जन्म १८७५चा, कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावरचा. शिवालिकमध्ये ज्यांना नसलेला रॅकून दिसला, त्यांच्या जन्मबेटावर खरेखुरे रॅकून होते. आणि आज ते नाहीत. बार्बाडोसचा रॅकून बहुधा माणसांनीच बेटावर आणलेला. १९३०मध्ये त्याला वेगळं शास्त्रीय नाव मिळालं, आणि १९६४मध्ये रस्त्यावर वाहनाखाली मेलेला एक रॅकून ही त्याची शेवटची खात्रीची नोंद. नाव मिळाल्यापासून चौतीस वर्षांत खेळ संपला. नामशेष होण्यासाठी लाखो वर्षं लागतातच असं नाही.

अस्वल समजलेला रॅकून, रॅकून समजलेलं अस्वल

नात्यांच्या घोळात अर्जेंटिना सगळ्यांच्या पुढे आहे. फ्लोरेन्तिनो आमेगिनो या दांडग्या संशोधकाने १९०८मध्ये चापादमालालच्या सागरकड्यांतल्या जीवाश्मांवरून ‘चापालमलानिया’ला नाव दिलं. प्राणी एवढा मोठा, की तो अस्वल वाटला. प्रत्यक्षात तो रॅकून-घराण्यातला निघाला. शरीराची लांबी सुमारे दीड मीटर. त्याच्याकडे पाहून तुम्हाला आजच्या भल्यामोठ्या काळ्या-पांढऱ्या पांडाचीच आठवण झाली असती.

आणि त्या पांडाचं काय? त्याचा घोळ बरोबर उलटा! १८७०पासून कित्येक शास्त्रज्ञ त्याला रॅकूनच्या गोतात बसवत होते. शेवटी १९८५मध्ये रेणूंच्या अभ्यासाने निकाल लावला: तो अस्वलच.

चापालमलानियाचा आधीचा नातलग ‘सायोनासुआ’ मला त्याहून मोठा धाडसी वाटतो. त्यालाही नाव आमेगिनोंनीच दिलं, १८८५मध्ये. दक्षिण अमेरिका तेव्हा चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली होती. तिथे ना कुत्रे होते ना मांजरं. शिकारीचं काम पिशवीवाल्या प्राण्यांचे भाऊबंद आणि उडता न येणारे अजस्र पक्षी करत होते. पनामाची जमीन वर येऊन दोन्ही अमेरिका जोडल्या गेल्या त्या सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी. सायोनासुआचे अवशेष मात्र ७० लाख वर्षांहून जुने. म्हणजे पूल बांधला जाण्याच्या कितीतरी आधी ही मंडळी समुद्र ओलांडून आली होती, बहुधा बेटाबेटांवरून, पुरात वाहत आलेल्या झाडझाडोऱ्यावर बसून. त्या खंडावर पाय ठेवणारा कुत्रा-मांजरांच्या गणातला पहिला प्राणी जग्वार नव्हता, लांडगाही नव्हता. तो रॅकूनचा भाऊ होता.

सहावं बोट कशासाठी?

रॅकूनच्या गोतातला भारतात जिवंत असलेला, सगळ्यांचा लाडका प्राणी म्हणजे लाल पांडा. सिक्कीमचा राज्यप्राणी. थॉमस हार्डविक या कंपनी सरकारच्या सैन्याधिकाऱ्याने १८२१मध्ये लंडनमध्ये त्याच्यावर निबंध वाचला, पण तो छापून यायला १८२७ साल उजाडलं. मधल्या काळात, १८२५मध्ये, फ्रान्समध्ये फ्रेडरिक क्यूव्हिए यांनी नाव देऊन टाकलं. आज लाल पांडा आपल्या कुळात एकटा उरला आहे, पण त्याचे नातलग एकेकाळी अर्ध्या जगात होते. इंग्लंडच्या सफोकमधल्या एका दाढेवरून १८८८मध्ये ‘इंग्लिश पांडा’ ओळखला गेला. त्याचे नातलग पुढे रुमानियात, जपानात आणि अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातही सापडले.

लाल पांडाच्या पंजात मनगटाच्या हाडापासून बनलेला एक खोटा अंगठा असतो. बांबू धरायला तो कामी येतो, म्हणून सगळे समजत होते की तो बांबूसाठीच घडला. माद्रिदजवळच्या सेरो बातायोनेसमध्ये सुमारे ९० लाख वर्षं जुना सिमोसायॉन सापडला. हा त्याच कुळातला, प्युमाएवढा, आणि मांस खाणारा. त्यालाही तसाच अंगठा! बांबूचा संबंधच नाही. २००६मध्ये संशोधकांनी मांडलं की अंगठा आधी झाडावर चढण्यासाठी आला, बहुधा बलाढ्य शिकाऱ्यांपासून जीव वाचवायला. बांबू फार नंतर त्याच्या हाती पडला.

या कुळातला एक सांगाडा रस्तारुंदीकरणाने दिला. २०००मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीत ग्रे गावाजवळ रस्ता खणताना काळपट चिकणमाती लागली. ती एका जुन्या तळ्याची होती. रस्ता वळवला गेला आणि तिथे जीवाश्मस्थळ उभं राहिलं. २००४मध्ये तिथल्या ‘प्रिस्टिनायल्युरस’ची ओळख एका दाढेवरून झाली. पुढे हाडंही मिळाली.

दाढच का, दरवेळी? कारण रॅकूनचे भाऊबंद बहुतेक लहान आणि झाडांवर राहणारे. जंगलाच्या आम्ल मातीत त्यांची नाजूक हाडं विरघळून जातात. दाताचं एनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, तो तेवढा टिकतो.

शिवालिकचा खजिना डोळ्यांनी पाहायचा असेल तर हिमाचलमध्ये सिरमौर जिल्ह्यातलं साकेतीचं जीवाश्म उद्यान आहे. चरोदेकरांना त्याहून सोयीचं कोलकात्याचं भारतीय संग्रहालय. मुंबई-हावडा मार्ग दाराशीच आहे. तिथल्या शिवालिक दालनात राक्षसी सुळ्यांचे हत्ती सगळ्यांना दिसतात. लहान जबडे असलेल्या कपाटांपाशी मात्र जरा जास्त वेळ थांबा.