ब्रेकचा पाइप सडतो कुठे?
कोकणातल्या खाऱ्या हवेत जुन्या मारुती ८०० चा ब्रेक पाइप बहुधा क्लिपखाली सडतो. चिखल तिथेच अडकून राहतो. म्हणून क्लिप काढून, तारेच्या ब्रशने घासूनच पाहावं. पापुद्रे सुटत असतील, खड्डे पडले असतील तर पाइप बाद. चाकाजवळचा रबरी होज वाकवून भेगा तपासाव्यात. तो आतून फुगला असेल, तर पेडल सोडलं तरी चाक धरून राहतं आणि रिम तापते. दोष मात्र आधी कॅलिपरला दिला जातो!

पाइप बदलायचा तर त्याच्या गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारावा. फ्लेअर-नट पानाच वापरावा. साध्या पान्याने नटाच्या कडा गोल होतात. नवा पाइप तांबं-निकेल मिश्रधातूचा घ्यावा, शुद्ध तांब्याचा नको. टोकांचं फ्लेअर मूळ पाइपसारखंच हवं. सडका तुकडा कापून मध्ये रबरी नळी क्लॅम्पने बसवणं म्हणजे जिवाशी खेळ.

मग ताजं ब्रेक ऑइल भरून चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढायची. डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. गॅरेजच्या कोपऱ्यातला उघडा डबा वापरू देऊ नये.