झाडाला पंप असतो का?

गेल्या वसंतात माझ्या मुलीच्या शाळेत सायन्स फेअर होती. तिने सेलरीचा दांडा लाल रंगाच्या पाण्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पानांच्या शिरा लाल झाल्या. मला एकदम आपल्या शाळेतला तेरडा आठवला. रंगीत पाण्यात ठेवलेले रोप आणि त्याच्या खोडातून वर गेलेल्या लाल रेघा! त्या रेघा म्हणजे जलवाहिन्या.

मुलीने विचारले, "बाबा, पण पंप कुठे असतो?"

मी अभिमानाने जगदीशचंद्र बोस यांचे नाव सांगितले. खोडातल्या जिवंत पेशी हृदयासारख्या आकुंचन-प्रसरण पावून पाणी वर ढकलतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२३ मध्ये त्यावर त्यांचा ग्रंथही निघाला. मुलीने लगेच तक्त्यावर हृदय काढले. रात्री खात्री करावी म्हणून वनस्पतिशास्त्राचे पुस्तक उघडले, आणि माझी झोप उडाली.

जलवाहिनी पूर्ण तयार होते तेव्हा तिच्या पेशी मेलेल्या असतात. उरतात त्या लिग्निनमुळे टणक झालेल्या पोकळ नळ्या. आपण लाकूड म्हणतो ते मुख्यतः हेच. मग पाणी चढते कसे? हवेच्या दाबावर चालणारा शोषणपंप पाणी जेमतेम १० मीटर चढवतो. कॅलिफोर्नियातले सर्वांत उंच रेडवुड तर ११५ मीटरच्याही वर गेले आहे. मुळांकडून थोडा दाब येतो, पण तो एवढ्या उंचीला पुरत नाही.

खरी ओढ पानांची. पानांतून पाण्याची वाफ होते, तेवढे पाणी मागून ओढले जाते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून ही ओढ थेट मुळांपर्यंत पोचते. डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली यांनी हे १८९४ मध्ये मांडले. नळ्या टणक का, तेही इथे कळते. मऊ असत्या तर या ओढीने चपट्या झाल्या असत्या. त्याच दशकात जर्मनीत स्ट्रासबुर्गर यांनी कापलेल्या झाडांचे बुंधे विषारी द्रावणात ठेवले. वाटेतल्या पेशी मेल्या, तरी द्रावण पानांपर्यंत चढले.

सकाळी मी म्हणालो, "काल मी तुला चुकीचं सांगितलं."

"म्हणजे बोस खोटं बोलले?"

"नाही गं. त्यांना तसं वाटलं, त्यांनी प्रयोग केले. पण ते म्हणणं पुढे टिकलं नाही."

मग आम्ही दोन दांडे रंगात ठेवले, एक पानांसकट आणि एक पाने खुडून. पानांच्या दांड्यात रंग भराभर चढला. तिने हृदय खोडून तिथे पान आणि सूर्य काढला.

आपल्या शास्त्रज्ञांची नावे मुलांना जरूर सांगावीत. बिनतारी लहरींवरच्या कामासाठी बोस यांचे नाव तर सांगायलाच हवे. पण सांगण्याआधी तपासून घ्यावे. नाहीतर वर्गात खोटी पडतील ती आपली मुले.