“घराण्यातच आहे” म्हणून सोडून देऊ नका



एखादी बाई दिवसचे दिवस उदास राहते, झोपत नाही, कशातच मन लागत नाही. मग गावात हमखास म्हणतात, “तिच्या आईलाही असंच होतं, घराण्यातच आहे.” तिथेच दवाखाना राहून जातो आणि लेकीच्या सोयरिकीचा घोर सुरू होतो.

आईवडिलांकडून आपल्याला जनुकं मिळतात, हे खरं. त्यामुळे धोका थोडा वाढतो, पण आजार ठरलेला नसतो. आपल्याकडे संत्र्याला बहारासाठी ताण देतात. पाणी तोडलं की पानं पिवळी पडतात, पाणी दिलं की फुलं येतात. झाड तेच, कलम तेच. आतलं काम बदलतं. माणसातही लांबलेला ताण, म्हणजे कर्ज, मारहाण, लहानपणचे हाल, जनुकांवर बारीक रासायनिक खुणा ठेवू शकतो. त्यामुळे काही जनुकं मंदावतात, काही जोरात चालतात. या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात.

कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी 2004 मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास मांडला. आईनं कमी चाटलेल्या पिलांच्या मेंदूत, ताण आवरणाऱ्या जनुकावर जास्त खुणा होत्या. अशा आईची पिलं जन्मताच मायाळू उंदरीकडे दिली, तर तसं झालं नाही. म्हणजे खूण रक्तातून नाही, वागणुकीतून आली होती. यात आईला दोष देऊ नका. बाळंतिणीला पोटभर जेवण, झोप आणि आधार देणं हे साऱ्या घराचं काम आहे.

या खुणा तपासून औषध ठरवायची सोय अजून दवाखान्यात नाही. पण समुपदेशन आणि गोळ्यांनी आजही बरं वाटतं, घराण्यात आजार असला तरी. गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. डॉक्टरांना न विचारता त्या बंद करू नका.

अमरावती जिल्ह्यातल्या गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. गावातल्याच शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलून त्यांना उपचारापर्यंत नेलं. आधी नैराश्याच्या 100 माणसांपैकी जेमतेम 4 जण मदत घेत. दीड वर्षानंतर 27 घेऊ लागले.

बचतीच्या बैठकीला कोणी सारखी गैरहजर असेल, तर हप्त्याआधी तिची झोप विचारा. जीव नकोसा झाला म्हणाली, तर तिला एकटी सोडू नका. 14416 हा टेलिमानसचा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो. तिच्याजवळ बसून तुम्हीच लावून द्या.