विजेची शिट्टी आणि किरणोत्सर्गाचे पट्टे

पहिल्या महायुद्धात शत्रूच्या टेलिफोनवरचं बोलणं चोरून ऐकताना जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश बार्कहाउझेन यांच्या कानावर एक चमत्कारिक शिट्टी पडली. वरच्या पट्टीत सुरू होऊन ती झरझर खाली उतरत जाई. १९१९ साली त्यांनी त्यावर लिहिलं, पण उलगडा व्हायला १९५३ उजाडलं.

तो केला केंब्रिजच्या एल. आर. ओ. स्टोरी यांनी. वीज कडाडली की निरनिराळ्या वारंवारतेच्या रेडिओलहरी एकदमच सुटतात. त्यांतल्या काही आयनांबर भेदून वर जातात आणि चुंबकीय बलरेषेचा माग धरत पलीकडच्या गोलार्धात उतरतात. वाटेतल्या प्लाझ्मात, म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉन-आयनांच्या विरळ वायूत, जास्त वारंवारतेच्या लहरी पुढे निघतात, कमी वारंवारतेच्या रेंगाळतात; म्हणून क्षणभराचा कडकडाट सेकंद-दोन सेकंदांची उतरती शिट्टी होऊन पोहोचतो. हे रेंगाळणं मोजून स्टोरींनी हजारो किलोमीटर उंचीवरच्या इलेक्ट्रॉनांची घनता काढली. तीही जमिनीवर बसून, स्पुटनिक उडण्याच्या चार वर्षं आधी! अवकाशविज्ञानाच्या इतिहासात या कामाला मानाचं पान मिळायला हवं. पुढे आपल्याकडे गुलमर्ग, नैनिताल, वाराणसी इथेही अशा शिट्ट्या नोंदल्या गेल्या.

१९५८ साली एक्सप्लोरर-१ या उपग्रहामुळे व्हॅन अ‍ॅलन पट्ट्यांचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या वेगवान कणांच्या पट्ट्यांचा, पत्ता लागला. १९६३ मध्ये डॉन कार्पेंटर यांनी अंटार्क्टिकातल्या शिट्ट्यांवरून दाखवलं, की पृथ्वीभोवतीचा दाट प्लाझ्मा एका सीमेपाशी एकदम विरळ होतो. १९६६ मध्ये केनेल आणि पेचेक यांनी मांडलं, की शिट्टीच्या जातीच्या लहरी पट्ट्यातल्या इलेक्ट्रॉनांच्याच ऊर्जेवर पोसतात आणि त्यांना वातावरणात लोटून पट्टा रिकामा करतात.

पण मग पट्टा भरतो कसा? इलेक्ट्रॉन बाहेरून आत ढकलले जाताना ऊर्जा मिळवतात, असं बराच काळ मानलं जाई. ऑगस्ट २०१२ मध्ये निघालेल्या व्हॅन अ‍ॅलन प्रोब्ज या जुळ्या यानांनी त्याच ऑक्टोबरातल्या चुंबकीय वादळात वेगळंच पाहिलं: इलेक्ट्रॉनांना वेग पट्ट्याच्या आतच मिळत होता. तो देणाऱ्या ‘कोरस’ लहरी त्या शिट्टीच्याच कुळातल्या. ध्वनिवर्धकावर त्या पहाटेच्या पक्ष्यांसारख्या किलबिलतात. एकच लहर काही इलेक्ट्रॉनांना बळ देते आणि काहींना पट्ट्याबाहेर काढते, ही मला या साऱ्या शोधातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

इंधन संपत आल्यानं ती यानं २०१९ साली बंद झाली. त्यांच्या नोंदींवर काम चालूच आहे, कारण येणाऱ्या वादळात पट्टा भरेल की गळेल, हे आधी खात्रीनं सांगणं अजून जमलेलं नाही, आणि दिशादर्शनाचे उपग्रह तर त्याच पट्ट्यातून फिरत असतात.