हरीरा: सगळा खेळ शेवटच्या दहा मिनिटांचा

तर मंडळी, आज हरीरा. मोरोक्कोत रमजानचा रोजा सोडतात तो खजूर आणि या सूपवर. सामान ओळखीचंच: रात्रभर भिजवलेले छोले, अख्खा मसूर, टोमॅटो, कांदा, आलं, हळद, मिरी, दालचिनी, भरपूर कोथिंबीर. सेलरीची पानं मात्र हवीतच. छोले जवळजवळ शिजले की मगच मसूर टाका, नाहीतर त्याचा लगदा होतो.

पण खरी गंमत शेवटी: तदुइरा, म्हणजे पाण्यात कालवलेला मैदा. लिटरभर सूपला 3 मोठे चमचे. तो नसेल तर ही मसुराची आमटीच! मी पहिल्यांदा तो एकदम ओतला आणि गुठळ्याच गुठळ्या. (कोड परवडला, अनडू तरी होतो.) बारीक धार धरायची, ढवळणारा हात थांबवायचा नाही, मग 10 मिनिटं मंद आच. मैद्याचा कच्चा वास गेला की उतरवा. वाढताना लिंबू.