तडकलेला ब्रॅकेट

डिझेल पिकअपच्या एंजिनाला वीज उत्पन्न करणारा आल्टरनेटर ज्या ओतीव आधारानें जोडलेला असतो, त्यास ब्रॅकेट म्हणतात. डिझेल एंजिनांत हवा १६ ते २० पट दाबली जाते, पेट्रोलच्या एंजिनांत सुमारें १० पट. सबब डिझेलचे हादरे अधिक कठोर. एखादा बोल्ट सैल राहिला कीं त्याचा भार इतरांवर पडून ब्रॅकेट तडकतो व पट्टा तिरपा धांवूं लागतो. पुष्कळ गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपहि फिरवितो. तो निसटल्यास एंजिन तापून बिघडतें.

जुना तुकडा सांधून घेण्याचा मोह टाळावा. ओतीव लोखंडाचा सांधा अशा हादऱ्यांपुढें क्वचितच टिकतो.

प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. विद्यार्थिमित्रांनो, एंजिन बंद असतांहि आल्टरनेटरच्या जाड तारेंत वीज असते, व पाना तिला आणि सांगाड्याला एकाच वेळीं लागल्यास हात भाजतो! मग पट्टा व आल्टरनेटर उतरवावा. नव्या ब्रॅकेटची बैठक स्वच्छ करून सर्व बोल्ट आधीं हातानें लावावे, मागाहून पान्यानें आवळावे. पुल्या एका रेषेंत आहेत ना, हें सरळ पट्टीनें पाहावें. कांहींशें किलोमीटर चालल्यावर बोल्ट व पट्ट्याचा ताण पुन्हां तपासावा.